वाचक विचारतात : आर्मेनिया-अझरबैजानची बॉर्डर, आणि मध्ये पडणारे सगळे

गेल्या अंकात काराबाखवर (पूर्ण नाव नागोर्नो-काराबाख, आर्मेनिया आणि अझरबैजान ज्यावरून भांडत आले तो प्रदेश) एक छोटी चौकट छापली होती आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळी सगळा कॉलम त्याच विषयाला देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत.

प्रश्न : सर, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. या भांडणाची सुरुवात नेमकी कुठून धरायची? प्रत्येक व्हिडिओत वेगळं वर्ष सांगतात.

तुला परीक्षेपुरतं एकच वर्ष हवं असेल तर १९८८ धर. पण मूळ जरा मागे आहे. १९२१ च्या जुलैमध्ये बोल्शेविकांच्या कॉकेशस ब्युरोने आधी ठरवलं की नागोर्नो-काराबाख आर्मेनियाला द्यायचं, आणि दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरवून ते अझरबैजानमध्येच ठेवलं. १९२३ मध्ये त्याला स्वायत्त प्रांत केलं. म्हणजे वस्ती बहुतांश आर्मेनियन, कारभार बाकूच्या, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीच्या, हाताखाली. मॉस्को सगळ्यांच्याच डोक्यावर बसलेलं होतं तोवर ही रेघ फक्त ऑफिसातल्या नकाशावरची होती, लोक इकडून तिकडे कामाला जायचे, लग्नं व्हायची. १९८८ च्या फेब्रुवारीत काराबाखच्या प्रांतिक सोव्हिएतने आम्हाला आर्मेनियाला जोडा असा ठराव केला, त्याच महिन्यात अझरबैजानातल्या सुमगाइत शहरात आर्मेनियन लोकांवर हल्ले झाले, आणि मग दोन्ही देशांतून एकमेकांची माणसं पळायला लागली. सोव्हिएत युनियन मोडलं तेव्हा त्या ऑफिसातल्या रेघा रातोरात दोन देशांच्या सीमा झाल्या. खरं दुखणं इथे आहे.

पहिलं युद्ध १९९४ च्या मे महिन्यात थांबलं. आर्मेनियन बाजूने काराबाख तर घेतलंच, वर आजूबाजूचे सात जिल्हे पूर्ण किंवा अर्धेमुर्धे घेतले, आणि तिथले लाखो अझेरी, म्हणजे अझरबैजानी लोक, बेघर झाले. १९९२ चं खोजालीचं हत्याकांड अझेरी लोक विसरलेले नाहीत, सुमगाइत आर्मेनियन विसरलेले नाहीत. एकाच बाजूची यादी वाचून मत बनवू नकोस एवढंच.

प्रश्न : नमस्कार. एवढा खल कशाला? एक ख्रिश्चन देश, एक मुस्लिम देश, धर्माचं भांडण आहे, विषय संपला. की नाही?

नमस्कार. नाही हो, तसं असतं तर आमचं काम फार सोपं झालं असतं. अझरबैजान शियाबहुल आहे आणि शेजारी शिया इराण आहे, तरी इराणचं सूत जास्त जुळतं ते आर्मेनियाशी. इस्रायल अझरबैजानला शस्त्रं विकतं, २०१६ ते २०२० मधल्या त्यांच्या शस्त्रआयातीत जवळपास ६९ टक्के माल इस्रायली होता, आणि बदल्यात अझेरी तेल जॉर्जिया-तुर्कीतल्या पाइपलाइनने जेहान बंदरात येऊन तिथून इस्रायलला जातं. ऑर्थोडॉक्स रशिया तर वर्षानुवर्षं दोघांनाही रणगाडे विकत होता. आता यात धर्म कुठे बसवायचा ते तुम्हीच सांगा. भाषणात धर्म येतो, व्यवहारात रस्ता, तेल आणि शेजाऱ्याची भीती.

प्रश्न : काराबाखचा विषय तर २०२३ मध्ये संपला ना, मग बॉर्डरवर अजून काय भांडतात? आणि बॉर्डर आखायला इतकी वर्षं लागतात का?

काराबाखचा विषय संपला हे खरं, पण कसा संपला ते बघा. २०२२ च्या डिसेंबरपासून लाचिनचा रस्ता, म्हणजे काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा एकमेव रस्ता, अडवला, नऊ महिने तिथले लोक औषधं आणि पिठासाठी रांगा लावत होते, मग १९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजानने हल्ला केला, एका दिवसात सगळं आटोपलं आणि पुढच्या आठवडाभरात एक लाखाहून जास्त आर्मेनियन त्याच एका रस्त्याने गाड्या भरभरून निघून गेले. तिथलं जे स्वयंघोषित सरकार होतं ते १ जानेवारी २०२४ पासून बरखास्त.

पण दोन देशांमधली बॉर्डर ही वेगळीच गोष्ट आहे, ती काराबाखच्या बाहेर आहे आणि जवळजवळ हजार किलोमीटर लांब आहे. शुर्नुख नावाचं गाव घ्या, दक्षिण आर्मेनियातल्या स्यूनिक प्रांतात, गोरिस ते कापान रस्त्यावर. रस्ता गावाच्या मधून जातो. २०२० मध्ये दुसरं युद्ध झालं, त्यात आजूबाजूचे जिल्हे अझरबैजानकडे परत गेले, मग जुने सोव्हिएत नकाशे आणि जीपीएस काढून ठरलं की सीमा या रस्त्यावरूनच जाते, म्हणजे रस्त्याच्या एका अंगाची डझनभर घरं अझरबैजानात. २०२१ च्या जानेवारीत ती कुटुंबं सामान उचलून निघाली. यातली मेख अशी की १९८८ च्या आधी हे गाव अझेरी लोकांचं होतं, ते पळून गेले आणि त्यांच्या जागी अझरबैजानातून पळून आलेले आर्मेनियन राहायला आले होते. म्हणजे निर्वासितांच्या घरात निर्वासित, आणि पुन्हा निर्वासित.

त्याच रस्त्याचा २१ किलोमीटरचा तुकडा अझरबैजानच्या ताब्यात गेला. इराणहून माल घेऊन येणारे ट्रक याच रस्त्याने येरेवानला, आर्मेनियाच्या राजधानीला, जायचे. २०२१ च्या सप्टेंबरात अझेरी पोलिसांनी ते थांबवून पैसे घ्यायला सुरुवात केली, दोन इराणी ड्रायव्हर आत टाकले, तेहरान भडकलं आणि त्याने सीमेवर सरावच सुरू केला. शेवटी आर्मेनियाला तातेवकडून डोंगरातून नवा रस्ता काढावा लागला. एक रेघ इकडची तिकडे झाली की काय काय होतं बघा.

वर टापू, म्हणजे एका देशाचे दुसऱ्या देशाने वेढलेले तुकडे, आहेतच. आर्मेनियाचं आर्त्स्वाशेन हे गाव चहूबाजूंनी अझरबैजानात, १९९२ पासून त्यांच्याच ताब्यात. उलट कार्की हा अझरबैजानचा टापू आर्मेनियाच्या ताब्यात, आणि येरेवानहून दक्षिणेला जाणारा हायवे नेमका त्यातून जातो. हे सोडवायला कोणी हातच घालत नाही.

तरी २०२४ मध्ये एक बरी गोष्ट झाली. उत्तरेत आर्मेनियाच्या ताउश प्रांताजवळची चार ओसाड गावं, जी ९० च्या दशकापासून आर्मेनियाच्या ताब्यात होती, ती आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान यांनी परत केली आणि १२.७ किलोमीटरची सीमा दोघांनी बसून आखली, कुणी गोळी न झाडता. किरांत्स गावातल्या काही लोकांची घरं-जमिनी त्यात गेल्या, तिथल्या आर्चबिशपनी येरेवानपर्यंत मोर्चा नेला, पाशिन्यान यांना देशद्रोही म्हणून झालं. माझं मत विचाराल तर तो निर्णय कडू होता पण बरोबर होता, कारण जी गावं नकाशावर आपली नाहीत ती धरून ठेवून स्वतःच्या सीमा पाळायला दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

प्रश्न : आर्मेनियाचा रशियाशी संरक्षण करार होता, ग्युमरीला रशियन तळ आहे, तरी रशिया मदतीला आला नाही. हा विश्वासघात नाही का?

येरेवानमध्ये हाच शब्द वापरतात. रशियाचं म्हणणं असं की काराबाख कायद्याने आर्मेनियाचा भाग नव्हता, त्यामुळे २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात आम्हाला करार लागू नव्हता. ठीक, हे एकवेळ धरून चालू. त्या युद्धात तुर्की बायराक्तार आणि इस्रायली हारोप ड्रोननी आर्मेनियन तोफा-रणगाडे टिपून काढले, दोन्हीकडचे मिळून सहा हजारांच्या वर सैनिक गेले, आणि काराबाखमधलं शूशा शहर पडल्यावर पुतिन यांनी १० नोव्हेंबरला युद्धबंदी घडवून स्वतःचे १,९६० शांतिसैनिक तिथे बसवले.

पण २०२२ चं काय? त्या वर्षीच्या जानेवारीत कझाकस्तानात दंगे झाले तेव्हा सीएसटीओ, म्हणजे रशियाच्या पुढाकाराची लष्करी युती, तिने लगोलग सैन्य पाठवलं, आणि युतीचे अध्यक्ष म्हणून ती घोषणा कोणी केली तर पाशिन्यान यांनी. सप्टेंबरात अझरबैजानने खुद्द आर्मेनियाच्या जमिनीवर, जेर्मुकच्या आसपास मारा केला, दोन दिवसांत दोन्हीकडचे अडीचशेहून जास्त जवान मेले, आर्मेनियाने त्याच युतीकडे हात पसरला तर आलं काय, एक पाहणी पथक! रशिया तेव्हा युक्रेनमध्ये अडकलेला, निर्बंधांमुळे व्यापारासाठी तुर्की आणि अझरबैजान दोघांचीही गरज, मग तो बाकूला कशाला दुखावेल. २०२३ मध्ये ते शांतिसैनिक लाचिनच्या रस्त्यावर उभे राहून बघत राहिले आणि २०२४ मध्ये परत गेले. आर्मेनियाने त्या युतीतला सहभाग गोठवलाय, पण तळ अजून ग्युमरीतच आहे, आणि गॅसही रशियाचाच. त्यामुळे सोडचिठ्ठी वगैरे म्हणायची घाई नको.

आणि हो, अझरबैजानचंही रशियाशी मध्यंतरी बिनसलं होतं. २०२४ च्या डिसेंबरात त्यांचं प्रवासी विमान ग्रोझनीजवळ रशियन हवाई संरक्षणाच्या माऱ्यात सापडलं आणि कझाकस्तानात अक्ताउजवळ पडलं, ३८ जण गेले.

प्रश्न : तो झांगेझूर कॉरिडॉर की ट्रम्प रूट काय प्रकार आहे? इराणला एवढी मिरची का लागली?

अझरबैजानचा नाखचिवान हा भाग मुख्य देशापासून तुटलेला आहे, मध्ये आर्मेनियाची दक्षिणेची पट्टी, मेघरीजवळ साधारण ४३ किलोमीटरची. ती ओलांडून रस्ता-रेल्वे मिळाली की बाकूहून थेट तुर्की. तुर्कीला यातून मध्य आशियापर्यंतची वाट दिसते, म्हणून एर्दोआन एवढे उत्साहात. आर्मेनिया म्हणतो रस्ता घ्या, पण नाका आणि कायदा आमचा. अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष अलियेव यांनी मागे जोरजबरदस्तीचीही भाषा केली होती.

इराणची आर्मेनियाशी सीमा आहेच कितीशी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, नेमकी तिथेच. तो तुकडा कोणाच्या ताब्यात गेला तर उत्तरेचं एक दार बंद. शिवाय इराणमध्ये अझेरी लोकसंख्या मोठी आहे, ती धास्ती वेगळी. २०२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी आरास नदीवर पूल टाकायचा लष्करी सराव केला आणि कापानसारख्या छोट्या शहरात कॉन्सुलेट उघडलं, कळेल त्याला कळावं म्हणून.

मग ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांच्यासमोर ठरलं की हा मार्ग आर्मेनियाच्या कायद्याखालीच राहील, उभारणीत अमेरिका असेल आणि नाव ट्रम्प यांचं. नाव देण्याची हौस बाजूला ठेवा, पण ३० वर्षं मिन्स्क ग्रुप या मध्यस्थ गटात अमेरिका, फ्रान्स आणि रशिया मिळून ज्या भागात बैठकांवर बैठका घेत होते, तिथे रशियाच्या जागी अमेरिका येऊन बसली हे साधं प्रकरण नाही.

प्रश्न : भारत कोणाच्या बाजूने?

उघडपणे कोणाच्याच नाही, विक्रीत आर्मेनियाच्या. पिनाका रॉकेट, आकाश क्षेपणास्त्रं, स्वाती रडार तिकडे गेलंय. पाकिस्तान आणि तुर्की अझरबैजानच्या पाठीशी उभे राहतात, त्याचं हे उत्तर समजा. गंमत म्हणजे इतकी वर्षं आर्मेनियाला देश म्हणून मान्यताच न देणाऱ्या पाकिस्तानने २०२५ च्या ऑगस्टअखेर त्याच्याशी राजनैतिक संबंध जोडले.

प्रश्न : म्हणजे आता शांतता झाली म्हणायची का?

वॉशिंग्टनला करारावर आद्याक्षरं झालीत, पूर्ण सही व्हायची अट अझरबैजानने संविधानावर अडकवलीय. आर्मेनियाच्या संविधानाच्या प्रस्तावनेत १९९० च्या स्वातंत्र्य घोषणेचा उल्लेख आहे, आणि त्या घोषणेत १९८९ चा काराबाख जोडण्याचा ठराव. तो धागा काढा मग सही, असं बाकू म्हणतं. संविधान बदलायचं तर सार्वमत, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेलं सार्वमत जिंकणं कुठल्याही पंतप्रधानाला जड जाईल. काराबाखच्या जुन्या नेत्यांवर बाकूत खटले भरले, येरेवानमध्ये तोही राग आहे. दुसरीकडे २०२५ च्या शेवटी अझरबैजानमार्गे रेल्वेने कझाक गहू आर्मेनियात पोचला, आणि नंतर खुद्द अझरबैजानचं पेट्रोलही. १९९३ पासून बंद असलेली तुर्कीची सीमा कधी उघडते याकडे मात्र लक्ष ठेवा, कारण अंकारा त्याबाबतीत बाकूला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही.