नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये सगळे मेलेलेच प्राणी, मग त्याने निसर्ग कसा वाचणार?

तुम्ही विचारलंय की पेंढा भरलेले प्राणी काचेमागे ठेवून एखाद्या भागातली जैवविविधता कशी काय टिकते, हा सगळा दिखावाच नाही का. शंका रास्त आहे, आणि काचेमागच्या वाघापुरतं बोलायचं तर मी तुमच्याच बाजूने आहे, ते शाळेच्या सहलींसाठी ठीक आहे. पण खरं म्युझियम मागच्या खोलीत असतं, तिथे सहसा पब्लिकला सोडत नाहीत.

मी काही काळ अशाच एका संग्रहात जुनी लेबलं कॉम्प्युटरवर चढवायचं काम केलंय. लोखंडी कपाटाचा ड्रॉवर ओढला की नॅप्थलीनचा (डांबरगोळ्यांचा) भपकारा येतो, आत पक्षी ओळीने उताणे झोपवलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. हातमोजे घालावेच लागतात, कारण जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक चोळलेलं असायचं. चिठ्ठीवर कुठे मिळाला, कधी, कोणी आणला, नर की मादी, कधीकधी पोटात काय सापडलं तेही. माझ्या मते पक्षी दुय्यम, चिठ्ठी मुख्य. तो त्या जागेचा, त्या तारखेचा पंचनामा असतो.

आता रानपिंगळ्याचं बघा. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर या घुबडाचा पक्का पुरावाच नव्हता, फक्त रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, लेबलवर १९१४ आणि गुजरातमधलं मांडवी. सलीम अलींसारख्यांनीही शोधलं, सापडला नाही. मग अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासायला घेतले, एक्स-रे काढून आतली शिवण आणि भरण बघितलं, तर तो नमुना डेव्हिडसनचाच निघाला, ब्रिटिश म्युझियममधून ढापून नव्याने भरून खोटं लेबल लावलेला! मग मांडवी बाद करून खऱ्या लेबलांवरच्या जागा धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात रानपिंगळा जिवंत दिसला, म्हणजे ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटातही सापडला आणि मग कुठे त्याच्या संरक्षणाचा विचार करता आला, कारण जो पक्षी संपलाय असं सगळे धरून बसलेत त्याच्यासाठी जंगल कोण राखणार.

दुसरं म्हणजे नमुना गोळा करणाऱ्याला तो पुढे कशाला कामी येणार हे माहीत नसतं. बहिरी ससाण्याची अंडी का फुटतात हे ब्रिटनमध्ये कळेना, तेव्हा तिथले निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंड्यांची टरफलं तपासली आणि १९४० च्या दशकाच्या शेवटापासून ती पातळ होत गेल्याचं १९६७ मध्ये मांडलं. त्यातून डीडीटी हे कीटकनाशक पकडलं गेलं. अंडी जमवणाऱ्यांच्या स्वप्नातही हे नसणार (त्यातले कित्येक नुसते हौशी होते, त्यांच्यामुळे पक्ष्यांचं नुकसानही झालंय, ते वेगळं). तसंच कॅलिफोर्नियात प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योसेमिटी या डोंगराळ नॅशनल पार्कातले प्राणी उंचीसकट नोंदवून ठेवले होते. साधारण शंभर वर्षांनी त्याच जागी पुन्हा सर्व्हे केला तर २८ छोट्या सस्तन प्राण्यांपैकी निम्मे सरासरी ५०० मीटर वर सरकलेले. जुनी नोंद नसती तर काही बदललंय हेच कळलं नसतं.

मला विचाराल तर छोट्या, प्रादेशिक म्युझियमचं महत्त्व इथे जास्त आहे. मोठ्या म्युझियमला दुर्मिळ आणि देखणं हवं असतं, गावच्या तळ्यातला बारका मासा, गवत, गोगलगाय असलं कोण ठेवणार. पण तळं बुजवायचा प्रोजेक्ट आला आणि रिपोर्टमध्ये "इथे विशेष काही नाही" असं लिहून आलं की त्याच तळ्यातला मासा जपून ठेवलेली बाटली समोर ठेवता येते. नुसती नावांची यादी तिथे पुरत नाही, कारण आज ज्याला आपण एक जात म्हणतो ती उद्या दोन निघाल्या तर यादीतलं नाव नेमकं कुठल्या जातीचं हे सांगता येत नाही, नमुना मात्र परत काढून तपासता येतो, डीएनएसुद्धा बऱ्याचदा मिळतो.

अर्थात म्युझियम स्वतः जंगल राखत नाही, आणि ते स्वतःच सुरक्षित असतं असंही नाही. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम जळालं, सप्टेंबर २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या रिओचं नॅशनल म्युझियम. रिओत तर सुमारे २ कोटी वस्तू होत्या, बहुतेक गेल्या. जाती ओळखणारी माणसंही कमी होत चाललीत, संग्रह सांभाळणारा क्युरेटर रिटायर झाला की जागा भरतच नाहीत, हे मला आगीपेक्षा जास्त घातक वाटतं.

जवळचं म्युझियम कामाचं आहे की नाही बघायचं असेल तर तिथल्या माणसाला विचारा की रजिस्टरमध्ये शेवटची नोंद कधीची आहे आणि संशोधकांना कपाटं उघडून देता का. आणि कुठे मेलेला पक्षी-प्राणी दिसला तर उचलून घरी नेऊ नका, परवानगीचे नियम असतात. फोटो काढा, जागा आणि तारीख तिथल्या तिथे लिहा आणि म्युझियमला फोन करून विचारा, हवा असेल तर पुढचं तेच सांगतील.