डीव्हीडीची सबटायटल उलगडताना सुरुवातीला एवढेच पाहा

सबटायटल उलगडणारा प्रोग्रॅम (डिकोडर) लिहिण्याच्या पहिल्या प्रयत्नासाठी तुम्ही डीव्हीडीची, म्हणजे अक्षरांऐवजी चित्र म्हणून साठवलेली सबटायटल निवडलीत हे योग्यच झाले. ब्लू-रेचे स्वरूप तूर्त बाजूला ठेवा. येथे प्रत्येक पिक्सेलला दोनच बिट, म्हणजे चारच रंग असतात, आणि एका रंगाचे सलग पिक्सेल ‘किती’ व ‘कोणता’ अशा जोडीने साठवलेले असतात.

ही जोडी 4, 8, 12 किंवा 16 बिटांची असते, म्हणून वाचनाचे एकक बाइट नव्हे तर चार बिट माना. पहिल्या चार बिटांचे मूल्य 4 किंवा अधिक असेल तर जोडी तिथेच संपते. नसेल तर दर वेळी पुढचे चार बिट जोडून मूल्याची तशीच तुलना आधी 16 शी, मग 64 शी करायची, आणि तरीही जोडी पूर्ण झाली नाही तर सर्व 16 बिट घ्यायचे.

नवशिक्यांच्या चुका बहुधा येथे होतात:

- 16 बिटांच्या जोडीत संख्या (म्हणजे ‘किती’) शून्य असेल तर तो रंग ओळीच्या शेवटापर्यंत भरायचा असतो.
- ओळ संपल्यावर पुढच्या पूर्ण बाइटपासून वाचायचे असते; हे राहिले की अक्षरे विस्कटतात.
- सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या साठवलेल्या असतात व दोन्हींची सुरुवात स्वतंत्रपणे दिलेली असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फाइलमधील संख्येवर विश्वास ठेवू नका: ती ओळीतील उरलेल्या जागेपेक्षा मोठी निघाली तर लिहिण्यापूर्वीच छाटा, कारण खराब फाइलमुळे प्लेअर कोसळतो तो बहुतेकदा इथेच. पारदर्शकता आणि खरे रंग नंतर पाहू. आधी चार करड्या छटांत एक चित्र नीट उमटू द्या.