ईसीयूच्या डब्याला भोक कशाला?

प्रश्न : माझ्या बाईकच्या ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) डब्याला एक बारीक भोक आहे, आतून पांढरी चकती दिसते. मेकॅनिक म्हणतो पावसाळ्याआधी सिलिकॉन मारून बंद करून टाका, पाणी जाईल. करू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको! ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. काय होतं, गाडी चालून डबा तापतो, आतली हवा फुगते आणि मग धो धो पाऊस नाहीतर वॉशिंगचं गार पाणी पडलं की तीच हवा एकदम आकसते, आत व्हॅक्यूम तयार होतो आणि डबा पूर्ण बंद असेल तर तो रबरी सीलच्या फटीतून नाहीतर वायरच्या कनेक्टरमधून पाणी ओढून घेतो. पांढरी चकती म्हणजे ताणलेल्या पीटीएफईचा पडदा, टेफ्लॉनचंच भावंड, १९६९ साली अमेरिकेत बॉब गोरने हे मटेरियल शोधलं. हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब अडतो. त्यात साधं सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास येणारं, वाळताना ॲसिड सोडतं आणि तांब्याला गंज चढवतं, म्हणजे सर्किटचं आणखीनच वाटोळं.

आणि हो, डब्यावर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) लिहिलंय म्हणून प्रेशर वॉशर थेट त्यावर धरू नका. त्यातला ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी. चकतीवर चिखल बसला असेल तर ओल्या फडक्याने हलकेच पुसा, टाचणीने टोकरू नका. कनेक्टरचं रबर मात्र चिरलंय का ते आधी बघा, बऱ्याचदा पाणी तिथूनच शिरतं.