कोविडच्या वर्षांत कम्युनिटी कॉलेज पूर्ण केलेल्यांचा सत्कार: करा, आणि नाव नीट घ्या

तुमच्या मंडळाच्या गुणगौरवाबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. २०२० आणि २०२१ साली अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजमधून, पास झालेल्यांचा राहून गेलेला सत्कार आता इतक्या वर्षांनी करावा का, आणि समितीतले काहीजण ‘दोन वर्षांचं कॉलेज ते, त्याचा कसला सत्कार’ म्हणतात त्यांना काय उत्तर द्यावं. मी शिकागोच्या उपनगरातल्या अशाच एका कॉलेजात बारा वर्षं संध्याकाळचे संख्याशास्त्राचे वर्ग घेतेय. माझं उत्तर: करा, यंदाच करा, आणि छोट्या मुलांच्या नाचांच्या मध्ये उरकून टाकू नका.

आधी समितीबद्दल. आपल्याकडे कॉलेज म्हणजे कटऑफ आणि मेरिट लिस्ट. इथे कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं असतं, आणि म्हणूनच आपल्या लोकांना ते हलकं वाटतं. पण ही पद्धत आजची नाही, आमच्या इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ सालचं आहे. नावंच हवी असतील तर आयलीन कॉलिन्स सांगा. स्पेस शटलचं नेतृत्व करणारी पहिली महिला, १९९९ साली. तिची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून झाली. माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांच्या पत्नी जिल बायडन २००९ पासून नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात शिकवत होत्या. व्हाइट हाउसमध्ये राहायला गेल्यावरही त्यांनी नोकरी सोडली नाही. आधी झूमवर शिकवलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा वर्गात जाऊन उभ्या राहिल्या.

मात्र मोठ्या नावांनी माणसं पाच मिनिटं गप्प बसतात, एवढंच. मी तुमच्या जागी असते तर समितीला एकच विचारलं असतं: २०२० मध्ये व्हेंटिलेटरपाशी कोण उभं होतं? डॉक्टर आणि नर्स तर होतेच, पण ते यंत्र रुग्णाला लावणारा, त्याचे आकडे बघून दर थोड्या वेळाने जुळवणारा माणूस म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्ट. त्या कामाला लागणारी किमान पदवी म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री, आणि ती बहुतेकांनी कम्युनिटी कॉलेजातच घेतलेली असते. नर्सिंगचंही तेच. नर्सिंगची चार वर्षांची पदवी (बीएसएन) केलेली आणि दोन वर्षांची (एडीएन) केलेली, दोघींना एनक्लेक्स ही लायसन्सची एकच परीक्षा द्यावी लागते आणि दोघींचं आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स सारखंच असतं.

त्या वर्षी शिकणं म्हणजे काय होतं हे ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांना ते सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये हॉस्पिटलांनी विद्यार्थ्यांना आत घेणं थांबवलं, त्यामुळे शेवटच्या सत्राचं प्रत्यक्ष काम अडलं. ते संगणकावरच्या नकली रुग्णांवर पूर्ण करावं लागलं. एनक्लेक्सची केंद्रं काही दिवस बंद झाली, नंतर उघडली ती मोजक्या खुर्च्यांसह. कित्येक कॉलेजांनी आपल्या प्रयोगशाळेतले मास्क, गाऊन, काहींनी तर शिकवायचे व्हेंटिलेटरसुद्धा हॉस्पिटलांना देऊन टाकले. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं ती मुलं कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वायफायवर परीक्षा देत होती. माझ्या वर्गातला एकजण स्टिअरिंगवर वही ठेवून गणितं सोडवायचा आणि मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची लेक झोपलेली असायची.

मंदी आली की लोक कम्युनिटी कॉलेजकडे वळतात, २००८ नंतर तसंच झालं होतं. या वेळी उलटं झालं. २०२० च्या शरद सत्रात देशभरातल्या कम्युनिटी कॉलेजांची विद्यार्थीसंख्या साधारण १० टक्क्यांनी घसरली. आमचे विद्यार्थी दुकानात, गोदामात, हॉटेलात काम करून शिकतात. कुणाचं काम गेलं, कुणाच्या शिफ्ट वाढल्या, शाळा बंद म्हणून कुणाची मुलं घरी बसली. अशा वर्षी ज्याने शेवटचा पेपर दिला त्याने काय केलंय, हे मला माहीत आहे.

आणि त्यांच्या वाट्याला समारंभ काय आला? ऑगस्ट २०२० मध्ये आयआयटी मुंबईने पदवीप्रदान आभासी रूपात केलं, मुलांच्या प्रतिकृतींनी पडद्यावर पदकं घेतली, आपल्या घरोघरी ते व्हिडिओ फिरले. कल्पना खरोखर सुंदर होती. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना पोस्टाने एक पाकीट आलं.

त्यातलं एक पाकीट मी उघडताना पाहिलंय. माझी एक विद्यार्थिनी, मूळची कराडकडची, नर्सिंगला होती. नर्सिंगमध्ये पदवीदानाच्या गाऊन-टोपीपेक्षा पिनचं, म्हणजे शिक्षण पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्याचं, महत्त्व जास्त. शिक्षिका स्वतः ती छातीवर लावते. तिची पिन पोस्टाने आली आणि समारंभ झूमवर झाला. लॅपटॉप पोहे-रव्याच्या दोन डब्यांवर ठेवलेला, बाजूला फोनवर कराडची आजी. आईचे हात इतके थरथरत होते की पिन दोनदा जमिनीवर पडली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा आईने आधी तिला कुंकू लावलं, मग ओवाळलं. तेवढ्यात निवेदकाने तिचं नाव वाचलं. आडनावात ‘ळ’ होता. जे काही ऐकू आलं ते आम्हाला कुणालाच ओळखू आलं नाही. आजी विचारत राहिली, “झालं का गं तिचं नाव?”

म्हणून तुम्हाला माझी पहिली सूचना नावाबद्दलची आहे. इथे काळेचं ‘केल’ होतं, साठेचं ‘सेथ’. तुमच्या मंडळात ते नाव पहिल्यांदा नीट घेतलं जाईल. निवेदकाने यादी आदल्या दिवशी मोठ्याने दोनदा वाचावी आणि ज्यांचं लग्नानंतर आडनाव बदललंय त्यांना कोणतं हवं ते विचारावं.

यादी करताना फक्त पदवीधर धरू नका. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट करून लॅबमध्ये लागलेले, इथून ट्रान्सफर घेऊन मोठ्या विद्यापीठात गेलेले, आणि २०२० मध्ये सोडून २०२३ मध्ये पुन्हा येऊन पूर्ण केलेले, हे सगळे आले पाहिजेत. तिसऱ्या गटातले लोक स्वतःहून नाव देणार नाहीत, त्यांना फोन करा. माझ्या अनुभवात तिथे बऱ्याचदा चाळिशीच्या बायका सापडतात, मुलांना झोपवून अभ्यास केलेल्या. कॉलेजकडे गुण मागू नका, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय ते देता येत नाहीत. आणि गुण हवेतच कशाला? प्रत्येकाला विचारा, त्या वर्षी शिकताना आणखी काय काय करत होतात. तीन वाक्यं तेवढीच वाचा. पालकांच्या नोकऱ्या आणि हुद्दे वाचू नका.

चाळीस चेहऱ्यांचा एक कोलाज पडद्यावर टाकून सगळ्यांसाठी एकदम टाळ्या घेण्याचा मोह होईल. कृपा करून नको. एकेकाला वर बोलवा, चालत येऊ द्या, थोडा वेळ जाऊ द्या. वीसजण असतील तर पाऊण तास लागेल. तो राखून ठेवा, भाषणं कापा. ज्यांच्याकडे पिन किंवा टोपीचा गोंडा असेल त्यांना घेऊन यायला सांगा आणि घरातल्या माणसाच्या हातून तो मंचावर पुन्हा लावा. शाल-श्रीफळ त्यानंतर.

वेळ शनिवारी सकाळी अकराची धरा. उन्हाळ्यात शिकागोचे अकरा म्हणजे भारतात रात्रीचे साडेनऊ, आजी-आजोबा जागे असतात. फोन पुढच्या रांगेत कुणाच्या तरी हातात द्या, माइकच्या जवळ.