‘थई जशे’ (होऊन जाईल) ही तारीख नव्हे

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय 27, बडोद्यात मांजलपूरला राहतो. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं, बनवणाऱ्या एका कारखान्यात चार वर्षं डिझाइनला होतो. गेल्या महिन्यात साहेबांनी ‘आता तू प्रोजेक्ट बघ’ म्हणून दोन ऑर्डरी गळ्यात घातल्या. शिकवायला कोणी नाही. कॉम्प्युटरवर एमएस प्रोजेक्ट हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय, मित्र म्हणतात पीएमपी ही प्रोजेक्ट मॅनेजरची परीक्षा दे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मॅडम राहू दे. मकरपुऱ्यात मी 31 वर्षं काढली, आणि फिटरपासून मालकापर्यंत सगळे मला ‘बेन’च म्हणत. मी मात्र तुला अरेतुरे करणार, माझ्या धाकट्याहून लहान आहेस.

पीएमपीचं आधी उरकते. त्या परीक्षेला चार वर्षांच्या पदवीवाल्याकडे तीन वर्षं प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण मागतात. तुझा झालाय एक महिना. त्याच संस्थेची सीएपीएम ही परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, 23 तासांचं शिक्षण पुरतं. हौस असेल तर दे, शब्द तरी कळतील. पण तुझ्या दोन ऑर्डरी त्याआधीच गेटबाहेर जायच्या आहेत.

एमएस प्रोजेक्ट महिनाभर उघडू नकोस. मोठा कागद घे, पेन्सिल घे आणि ऑर्डर उलटीकडून लिही. ट्रक गेटबाहेर पडतोय. त्याआधी काय? रंग आणि पॅकिंग. त्याआधी? हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती बघणं. त्याआधी? बंडल (नळ्यांचा जुडगा) शेलमध्ये (बाहेरच्या नळकांड्यात) सरकवलेलं हवं. असं मागे मागे ड्रॉइंगपर्यंत ये. प्रत्येक ठिकाणी एकच विचार, ‘हे सुरू व्हायला आधी काय संपलेलं असायलाच हवं?’ मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून एका ऑर्डरीत जे झालं ते सांगते.

यू-ट्यूबचा, म्हणजे यू आकारात वाकवलेल्या नळ्यांचा एक्स्चेंजर होता, मोबाइलवरचं यूट्यूब नव्हे. किंमत 40 लाख, शब्द दिलेला 20 आठवड्यांचा. ड्रॉइंग करून मंजूर व्हायला 3 आठवडे. पुढे दोन वाटा फुटतात. एकीकडे शेल : प्लेट यायला 5, रोलिंग, वेल्डिंग आणि रेडिओग्राफीला (वेल्डच्या एक्स-रेला) 5. म्हणजे तेराव्या आठवड्याला शेल तयार. दुसरीकडे ट्यूबशीट, म्हणजे नळ्यांची टोकं बसतात ती भोकांची जाड तबकडी : तिचं फोर्जिंग (ठोकून घडवलेला गोळा) यायला 9, ड्रिलिंगला 3, ट्यूबा भरून बंडल बांधायला 3. म्हणजे बंडल अठराव्या आठवड्याला. मग टेस्टला 1, रंग-पॅकिंगला 1. बेरीज कर, बरोबर 20. ट्यूबशीटच्या वाटेवर एका दिवसाचीही सवड नाही आणि शेलला 5 आठवडे मोकळे.

पण शेल दिसतं रे! दोन माणसं उभी राहतील एवढं मोठं, ठिणग्या उडतायत, मालक रोज येऊन त्याच्याच भोवती फिरायचे. फोर्जिंगची परचेस ऑर्डर मात्र टेबलावर पडून होती, भावात आठ हजार कमी करून घ्यायचे म्हणून. दोन आठवडे. तिकडे मी शेलवर वेल्डरांना ओव्हरटाइम लावला आणि शेल अकराव्या आठवड्यालाच उभं केलं, फार खूश होते मी. मग ते शेल बंडलची वाट बघत नऊ आठवडे शॉपच्या मधोमध आडवं पडून राहिलं. माल गेला बाविसाव्या आठवड्याला. उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे 40 हजार गेले, ओव्हरटाइम वेगळा. वाचवले आठ हजार.

ही लांबात लांब साखळी शोधायची रीत 1957 च्या सुमारास ड्यूपॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली, तीही केमिकल प्लांटची बांधणी आणि शटडाऊन डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे आपल्या कोयली-नंदेसरीकडच्या रिफायनरी-केमिकलवाल्या लोकांच्याच डोकेदुखीतून. पुस्तकात तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. तुझ्या कागदावर ती लाल पेन्सिलीने ओढ आणि रोज सकाळी पहिला फोन त्या रेघेवरच्या माणसाला कर, मग तो आपल्या शॉपमध्ये असो नाहीतर राजकोटला माल बनवणारा.

साखळी दिसली की ती आखूड कशी करायची तेही सुचतं. पुढच्या वेळी मी ड्रॉइंग मंजूर व्हायची वाट न बघता, जाडीत थोडं जास्तीचं मटेरियल धरून फोर्जिंग आधीच नोंदवलं. दोन आठवडे हाताशी आले. धोका होताच : ग्राहकाने जाडी वाढवली असती तर तो लोखंडी गोळा भंगारात. म्हणून हे साहेबांच्या सहीने कर, आपल्या मनाने नको.

आता अंदाजाचं. आपल्याकडे कोणालाही विचार, ‘क्यारे थशे?’ (कधी होईल?), उत्तर येतं, ‘थई जशे, बेन.’ यात लबाडी नसते, खरंच होईल असं त्या माणसाला वाटत असतं. त्याला तीन प्रश्न विचार : सगळं सुरळीत गेलं तर किती, एरवी किती, आणि फजिती झाली तर किती. फोर्जिंगवाल्याने 8, 9 आणि 16 आठवडे सांगितले, तर मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज घ्यायची आणि सहाने भागायचं. 8, 36 आणि 16 मिळून 60, भागिले सहा, 10 आठवडे. अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात वापरलेल्या पर्ट पद्धतीतलं हे सूत्र. मला त्या दहापेक्षा तो सोळाचा आकडा जास्त कामाचा वाटतो. सोळा का, असं विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो : हॅमर बंद आहे, मोठ्या गिऱ्हाइकाचं काम पुढे आहे, असं काहीतरी बाहेर येतं.

‘नव्वद टक्के झालंय’ हेही ऐकून घेऊ नकोस. किती जॉइंट, त्यातले किती वेल्ड झाले, कितींची फिल्म (एक्स-रे) पास झाली? मोजता येतं ते मोज. फिल्म पास नाही तोवर जॉइंट झालेला नाही.

महिन्यानंतर एमएस प्रोजेक्ट उघडशील तेव्हा सगळ्यात आधी त्यातलं कॅलेंडर दुरुस्त कर. त्याला आपलं बडोदं माहीत नाही. रेडिओग्राफी रात्री, शॉप रिकामं करून होते, आणि नवरात्रात नऊ रात्री गरब्याला जाणारी पोरं तुला मिळणार नाहीत. दिवाळीला बंद झालेलं काम लाभपाचमीशिवाय (दिवाळीनंतरच्या पंचमीशिवाय) नीट सुरू होत नाही, आणि बिहारकडचे वेल्डर छठ करूनच परततात. उत्तरायणाचे (संक्रांतीचे) दोन दिवस तर सगळा गाव पतंग घेऊन गच्चीवर, तुझ्या साहेबांसकट.

प्रश्न : ग्राहकाचा इंजिनिअर फोनवर छोटे छोटे बदल सांगतो. नाही म्हटलं तर नाराज होतो. काय करावं? (एक वाचक, वाघोडिया रोड)

उत्तर : नाही म्हणू नका, ‘लिहून पाठवते’ म्हणा. फोन ठेवल्यावर त्याच दिवशी तीन ओळींची मेल : तुम्ही अमुक बदल सांगितलात, त्याला इतके दिवस आणि इतके पैसे जास्त लागतील, तुमचा होकार आला की काम धरतो. निम्मे बदल या मेलनंतर आपोआप विरतात.

मी एकदा ‘एक नोझल (पाइप जोडायचं तोंड) जरा फिरवा’ हे फोनवर ऐकून भोक पाडलं होतं. त्यांनी सांगितलेले 90 अंश त्यांच्या बाजूने बघून होते, मी शेलच्या दुसऱ्या टोकाकडून मोजले. पॅच लावला, पुन्हा फिल्म काढली, पुन्हा इन्स्पेक्टरला बोलावलं. त्या फोनचा पुरावा ना त्यांच्याकडे, ना माझ्याकडे, म्हणून खर्च आमच्याच माथी.