बर्फ किती इंच पडणार, हे आधी नेमकं का कळत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सांगलीहून आलेले आई-बाबा परत निघायचे होते, नेवार्कहून रविवारी रात्रीचं विमान होतं. फोनवरच्या ॲपने बुधवारी १४ इंच बर्फ दाखवला, शुक्रवारी ६ आणि शनिवारी सकाळी परत ११. घाबरून तिकिटं बदलली, वरचे पैसे भरले. प्रत्यक्षात दोन इंच चिखल आणि मग नुसता पाऊस! न्यू जर्सीच्याच वायव्य टोकाला, ससेक्स काउंटीतल्या मावशीकडे मात्र फूटभर पडला. एवढे उपग्रह आणि महासंगणक असून असं का होतं? पुढच्या वेळी विश्वास कशावर ठेवायचा?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : मावशींच्या अंगणातला फूटभर बर्फ आणि तुमच्या दारातला चिखल एकाच वादळाचे आहेत. वादळ सांगितल्याप्रमाणे आलं. सरकली ती बर्फ आणि पाऊस यांच्यामधली सीमा, आणि ती सीमा हिवाळाभर तुमच्या टर्नपाइक महामार्गाच्या आसपासच घुटमळत असते.

या वादळांना इकडे नॉरईस्टर म्हणतात. पुष्कळदा ती नॉर्थ कॅरोलायनात केप हॅटरसच्या जवळपास जोर धरतात. एकीकडे गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं कोमट पाणी, दुसरीकडे कॅनडातून उतरलेली गार हवा, यांच्यातल्या तफावतीवर कमी दाबाचं केंद्र पोसलं जातं आणि किनाऱ्याकडेने ईशान्येला निघतं. वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून तुमच्याकडे तो समुद्रावरून येतो. केंद्र किनाऱ्याला घासून गेलं तर समुद्राची ऊब आत घुसते आणि पाऊस होतो. फार लांबून गेलं तर ओलावाच पोचत नाही. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बर्फाचा मारा होतो. जमिनीवर शून्याखाली तापमान असलं तरी दीड-दोन किलोमीटर उंचीवर शून्याच्या वर एखाद-दोन अंशांचा उबदार थर आला की हिमकण वाटेतच वितळू लागतात.

इंचांचा हिशोब याहून नाजूक. साधारण एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो असं धरतात. पण हवा शून्याच्या आसपास असली तर जड, ओला बर्फ पाच-सहा इंचच भरतो आणि कडक थंडीत तेवढ्याच पाण्याचा भुसभुशीत बर्फ पंधरा इंचांवर जातो. म्हणजे पाण्याचा अंदाज अगदी बरोबर येऊनही बर्फाचा आकडा निम्म्याने चुकू शकतो.

जानेवारी २०१५चं वादळ माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. न्यूयॉर्क शहराला २० ते ३० इंचांचा इशारा होता, बर्फासाठी म्हणून भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. वादळ अपेक्षेपेक्षा थोडं पूर्वेकडून गेलं, एवढंच. त्याच वादळाने लाँग आयलंडच्या पूर्व टोकाकडे दोन फुटांवर आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला ३४.५ इंच बर्फ टाकला. न्यूयॉर्कमध्ये अंदाजवाल्यांची टिंगल झाली, ती मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. हजारो मैलांच्या प्रवासात काही डझन मैलांचा फरक म्हणजे खरं तर कौतुकाची गोष्ट आहे.

चार-पाच दिवस आधीचा आकडा तर मुळीच धरू नका. तुमच्या वादळाला जन्म देणारी वरच्या हवेतली लाट बुधवारी बहुधा पॅसिफिकवर असते. तिथे उपग्रह आहेत, अधूनमधून विमानंही जातात, पण हवामानखात्याच्या, हवा मोजणारी उपकरणं लावलेल्या फुग्यांचं दाट जाळं नाही. ती जमिनीवर आली की सकाळ-संध्याकाळी सातला सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी मिळू लागतात आणि संगणकाची गणितं सुधारतात.

ॲप या सगळ्या अनिश्चिततेतून एकच आकडा उचलून दाखवतं, माझी खरी तक्रार तिथे आहे. युरोपातल्या देशांचं सामायिक हवामान-अंदाज केंद्र एकाच वादळाचं गणित थोड्या-थोड्या वेगळ्या सुरुवातींनी ५१ वेळा मांडतं. त्यांतली काही गणितं २ इंच म्हणत असतील आणि काही १४, तर मधला ८ हा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामानसेवेच्या संकेतस्थळावर वादळापूर्वी बर्फाचे तीन नकाशे मिळतात : किमान, अपेक्षित आणि कमाल. किमान आकड्याहून कमी पडण्याची शक्यता दहात एक, कमालहून जास्त पडण्याचीही दहात एक. दोघांत फार अंतर असलं तर सीमा तुमच्याच डोक्यावर आहे असं समजा. तिथेच अंदाज लिहिणाऱ्यांची रोजची चर्चा असते, तीही वाचा. कुठला थर उबदार आहे, शंका कशाची आहे, हे ते मोकळेपणाने लिहितात. एडिसनचा अंदाज या सेवेचं माउंट हॉलीचं कार्यालय देतं आणि नेवार्क विमानतळाचा अप्टनचं, तेव्हा दोन्ही बघा.

विमानाचं म्हणाल तर दोन दिवस आधी किमान आकडाच सहा इंचांवर असेल, तर तिकीट बदला. किमान एक आणि कमाल बारा असेल तर थांबा. मोठ्या वादळाआधी विमानकंपन्या बऱ्याचदा फुकट तारीख बदलून देण्याची सवलत जाहीर करतात. ती जाहीर झाली आहे का, हे बघूनच पैसे भरा. आई-बाबांची औषधं मात्र आठवडाभर पुरतील एवढी जादा ठेवा, अंदाज काहीही असो.