ख्रिस्त उठला नसता तर?

प्रश्न : आदरणीय फादर, आमच्या शेजारचा एक ख्रिस्ती खलाशी गेल्या वर्षी वादळात बुडाला, त्याचा मृतदेह मिळाला नाही. वर्षश्राद्धासारखे त्याचे स्मरण रविवारच्या मिस्सेत ठेवले होते, म्हणून मीही चर्चमध्ये गेलो. तेथे सर्वजण ‘देहाच्या पुनरुत्थानावर’ आपला विश्वास असल्याचे एकसुरात म्हणाले. जो देह समुद्राने परत दिलाच नाही, तो उठणार कसा? शिवाय येशूची प्रेमाची आणि क्षमेची शिकवण एवढी मोठी असताना, तो मेलेल्यांतून उठला यावर एवढा भर कशासाठी? आत्मा अमर आहे, एवढे मानून भागणार नाही का? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे.

करिंथ या बंदराच्या शहरातील काही ख्रिस्ती मंडळी मेलेल्यांचे पुनरुत्थान होत नाही असे म्हणू लागली, तेव्हा आरंभीच्या चर्चचा प्रेषित पौल याने त्यांना जे पत्र लिहिले ते येशूच्या वधस्तंभानंतर सुमारे २५ वर्षांच्या आतले आहे. त्याच्या १५ व्या अध्यायात तो स्पष्ट म्हणतो की, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ, आणि आम्ही देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो. आपले म्हणणे नेमके कोठे कोसळेल हे स्वतःहून दाखवून देणारा प्रचारक विरळा. ज्यांना ख्रिस्ताचे दर्शन झाले त्यांची यादीही तो देतो, आणि त्यांतील ५०० हून अधिक बंधूंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असे सांगतो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे.

एवढा भर का, हे वधस्तंभ म्हणजे काय ते लक्षात घेतल्यावरच कळते. गळ्यातल्या सोन्याच्या क्रूसामुळे आपण ते विसरलो आहोत. रोमन राज्यात ती गुलामांना आणि बंडखोरांना भर रस्त्यावर द्यायची शिक्षा होती, आणि झाडावर टांगलेला मनुष्य देवाने शापलेला असतो असे यहुदी नियमशास्त्र सांगत होते. त्यामुळे येशूला वधस्तंभावर दिले त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याचा दावा सगळ्यांच्या दृष्टीने निकालात निघाला होता. त्याचे शिष्यसुद्धा दारे लावून बसले होते. गोष्ट तेथेच संपली असती, तर त्याची वचने कदाचित एखाद्या सत्पुरुषाची वचने म्हणून उरली असती, पण त्याला प्रभू म्हणून कोणी गुडघे टेकले नसते. पुनरुत्थान हा येशूला मृत्युदंड देणारा रोमन सुभेदार पिलात याच्या निकालावर देवाने दिलेला फेरनिकाल आहे. आपण जिचा उल्लेख केलात ती क्षमाही त्यावरच उभी आहे : ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, असे पौल त्याच अध्यायात लिहितो. शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्या समाजातून आलेले लोक रविवारी, म्हणजे तो उठला त्या वारी, जमू लागले, तेही याच घटनेमुळे.

आत्म्याच्या अमरत्वाविषयी आपण विचारलेत, ते स्वाभाविक आहे. जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा गीतेतील दृष्टान्त आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे, आणि त्याचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ख्रिस्ती श्रद्धा देहाला टाकून द्यायचे वस्त्र मानत नाही. देवाने निर्मिलेला मनुष्य देहासकट मनुष्य आहे, आणि देवाला तो तसाच हवा आहे. म्हणून शुभवर्तमानांतील उठलेला येशू म्हणजे भूत नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, रात्रभर जाळे टाकून हाती काही न लागलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला येतात, तेव्हा तेथे निखारे पेटलेले, त्यांवर मासळी ठेवलेली आणि शेजारी भाकर असते, आणि येशू त्यांना न्याहारीला बोलावतो. त्याच पहाटे त्याच्या सांगण्यावरून टाकलेल्या जाळ्यात १५३ मोठे मासे आले, हा आकडाही योहानाने नोंदवला आहे. मासे मोजल्याशिवाय कोळ्याचे समाधान होत नाही, हे आपल्या किनाऱ्यावर वेगळे सांगायला नको.

मात्र हा जुना देह केवळ पुन्हा चालू झाला असेही नाही. येशूने मेल्यावर जिवंत केलेला लाजर थडग्यातून बाहेर आला तो प्रेतवस्त्रांत गुंडाळलेलाच, आणि पुढे केव्हातरी त्यालाही मरण होतेच. येशूची वस्त्रे मात्र कबरेत पडून राहिली. डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता.

आता समुद्रात गेलेल्या देहाविषयी. हा प्रश्न करिंथकरांनाही पडला होता, आणि पौलाने त्यांना दाण्याचा दाखला दिला : पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते निराळेच शरीर. त्याच्या मनात गहू होता. आपण भाताचा तरवा घ्यावा. लावणीसाठी रोप उपटले की मुळाशी कधीकधी पेरलेल्या भाताचे पोकळ तूस चिकटलेले दिसते. दाणा संपलेला असतो, तरी रोप त्याचेच असते. तेव्हा हाडे जागेवर असणे ही पुनरुत्थानाची अट नाही. म्हणूनच कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये, या श्रद्धेचा नकार म्हणून केले जात नसेल तर, दहनालाही मुभा दिली. मातीत गेलेला, अग्नीत गेलेला आणि पाण्यात गेलेला, तिघांनाही ओळखणारा देव एकच आहे.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायात, अखेरच्या न्यायाचे वर्णन आहे. तेथे मृतांना परत करणाऱ्यांत समुद्राचे नाव पहिले येते, मरणाचे आणि अधोलोकाचे त्यानंतर. बुडालेल्या खलाशासाठी मिस्सा असली की मी हाच उतारा वाचायला घेतो.